पाच हजार चाळीस फरश्या

ज्या गावाचे पाय खाडीच्या पाण्याने दिवसातून दोन वेळा धुतले जातात आणि ज्याच्या मिठागरांवर फाल्गुन मासी मिठाच्या राशी देवळांच्या शिखरांप्रमाणे शोभतात, त्या बाळकुम गावचा पाटील दौलत हा अंगाने उंच, बोलण्यात रोखठोक आणि मानाच्या बाबतीत फार हळवा असा पुरुष होता. ठाण्यास आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षे लोटली होती. गावचे लोक कामाधंद्यानिमित्त चहूकडे जाऊ लागले होते आणि जेथे जात तेथे आपल्या गावाविषयी चार शब्द ऐकून येत. ते शब्द बहुधा बरे नसत.

त्यास कारण होते. बाळकुमात जुना परिपाठ असा की, देवाचे काम मजुरांकडून करवून घ्यावयाचे नाही. प्रत्येक पाड्याने आपला वाटा आपल्या हाताने करावयाचा. हा परिपाठ मोठा सुंदर खरा. परंतु एका पाड्याच्या वाट्यास एक दगड जरी अधिक गेला, तर दुसरा पाडा म्हणे, "मान त्यांचा मोठा, तर काम पण त्यांनीच करावं," आणि सर्व मंडळी हात झटकून घरी जात. या पायी गावदेवीच्या देवळामागील विहीर कमरेइतकी खोल होऊन तशीच राहिली होती आणि तिच्यात म्हशी बसत.

एके वर्षी कल्याणास एका लग्नाच्या पंगतीत वरपक्षाकडील एका गृहस्थाने दौलतास विचारले, "पाटील, तुमच्या विहिरीला पाणी लागलं का, की अजून म्हशीच लागतात?"

पंगत हसली. दौलताने हातातील घास पानात ठेवला व शांतपणे सांगितले, "येत्या चैत्रातल्या जत्रेला देवीची पालखी घडीव फरशीच्या अंगणात नाचंल. आमच्या सगळ्या पाड्यांनी सारख्या वाट्यानं बसवलेल्या फरशीवर. नाही नाचली, तर पाटीलकीचं पागोटं मी देवीपुढं उतरवून ठेवीन. तवा तुमी बघाय या."

शब्द तोंडातून गेला. हसणारे जेवणाकडे वळले. परंतु घरी परत येताना दौलताच्या उरावर तो शब्द जात्याच्या तळीसारखा बसला होता.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने कल्याणचा नामांकित पाथरवट धोंडीबा यास बोलावून आणले. धोंडीबाने दोरी धरून देवळापुढील जागा मापली आणि आपला निर्णय सांगितला. "चौक एकाहत्तर फरश्यांचा घ्या, पाटील. लांबीला एकाहत्तर, रुंदीला एकाहत्तर. सत्तर घेतल्या तर बरोबर मधली फरशी सापडत नाही, आणि मधली फरशी नाही तर कासव कोरू कुठं?"

देवीसमोर जमिनीत दगडी कासव हवे, हे दौलतास मान्य होते. त्याने फरश्यांची एकूण संख्या काढून घेण्यासाठी ठाण्याच्या मराठी शाळेतील पंतोजी विसूपंत यांस गाठले. विसूपंत हे अंगाने काटकुळे परंतु गणितात रंगून जाणारे ब्राह्मण होते. गावदेवीच्या जत्रेस ते दरवर्षी हौसेने येत, म्हणून दौलताशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी पाटी पुढे ओढून गुणाकार केला.

"एकाहत्तर गुणिले एकाहत्तर म्हणजे पाच हजार एक्केचाळीस. तुमचे पाडे सात. सातांनी भागल्यास प्रत्येकास सातशेवीस येतात आणि एक शिल्लक उरते." पंतोजींनी कपाळास आठी घातली व आणखी काही भागाकार करून पाहिले. "पाटील, ही संख्या फार हट्टी आहे. ही शुद्ध वर्गसंख्या. एकाहत्तरांवाचून हिला दुसरा भाजकच नाही. तुमचे पाडे एकाहत्तर असते तर प्रश्न मिटला असता."

"एकाहत्तर पाडे असते तर मी पाटीलकी टाकून पळालो असतो," दौलत म्हणाला. नंतर त्याने पाटीवरील शिल्लक एकावर बोट ठेविले. "पण पंतोजी, आमी मीठ मापतो तवा पयल्या मापाला एक म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो, मग दोन, मग तीन. लाभाचं माप देवाचं. फरश्या पण तशाच मोजणार. पयली फरशी लाभाची, ती मधी कासवाला जाईल. ती कुणाच्याच वाट्याची नाही."

विसूपंतांनी एकाहत्तर गुणिले एकाहत्तर यातून एक वजा केला. सातांनी भागले, निःशेष भाग गेला. गंमत म्हणून आठांनी भागले, गेला. नवांनी, दहांनी भागले; तरी काही उरेना. तेव्हा ते पाटी घेऊन उभेच राहिले.

"अहो, हा काय चमत्कार! एक दगड बाजूला केला आणि हट्टी संख्येच्या जागी केवढी उदार संख्या आली पाहा. एकापासून दहापर्यंत कोणीही वाटेकरी येवो, पाच हजार चाळीस त्यास रिकाम्या हाताने पाठवीत नाही." त्यांनी भराभर भाजक मांडले, ते भरले साठ. "याहून लहान संख्येस इतके भाजक असतील, असे मला तरी वाटत नाही. आता हिच्या पोटात मूळ संख्या कोणत्या ते पाहू. दोन, तीन, पाच आणि सात. एवढ्याच. याचा अर्थ असा की..."

परंतु तो अर्थ ऐकण्यास दौलत जागेवर नव्हता. त्याने पायांत वहाणा घातल्या होत्या आणि ठाण्याच्या तळ्याकाठून बाळकुमची वाट तो असा चालत होता की, समोरून येणारी माणसे आपण होऊन बाजूस होत.

पुढे जे घडले, ते त्या संख्येची परीक्षा पाहण्यासाठीच घडले की काय, असे कोणासही वाटावे. दिवाळीनंतर सातव्या पाड्यातील काळुराम व रघु या सख्ख्या भावांत बांधावरून तंटा होऊन पाडा दुभंगला आणि रघुने आपला निराळा वाटा मागितला. वाटेकरी आठ झाले. गावाने जीव मुठीत धरला, दौलताने मात्र सर्वांसमक्ष सांगितले, "प्रत्येकी सहाशेतीस. कुणाला एक कमी नाही, एक जास्त नाही." मग खाडीकाठचे कोळी म्हणाले, देवी आमचीही आहे. वाटेकरी नऊ झाले, पाचशेसाठ. मग तळकोकणातून येऊन मिठागरांवर स्थायिक झालेली मंडळी संकोचत पुढे आली. वाटेकरी दहा झाले, पाचशेचार. प्रत्येक खेपेस संख्येने हसतमुखाने सर्वांस पाटावर बसविले. पारावर म्हातारी माणसे तिच्याविषयी गावातल्या थोर पुरुषाविषयी बोलावे तशी बोलू लागली. कल्याणच्या बाजारातही वार्ता गेली.

दौलताची छाती भरून आली. आणि भरलेल्या छातीने मनुष्य जे बोलतो, ते तो देवळात होळीच्या दिवशी बोलला. "आजवर या गावात वाटा मागणारा वैरी वाटायचा. आता ज्याला पायजे त्यानं वाटा मागावा. देवीची शपथ, मी नाही म्हणणार नाही, आणि ही संख्या पण नाही म्हणणार नाही."

तेव्हा खांबास टेकून बसलेला पंढरी उठला. हा दौलताचा चुलतभाऊ. पाटीलकी आपल्या घराकडे असती तर गाव कोठल्या कोठे गेले असते, असे तो गेली कित्येक वर्षे सांगत आला होता.

"मग ठाण्याच्या वाटेवरच्या गाडीवानांना देशील का?" पंढरीने विचारले. "बंदरावरून फरश्या त्यांचेच बैल वाहतात. मी त्यांच्या वतीनं मागतो."

"दिला," दौलत म्हणाला.

"किती?"

दौलताने मनात भागाकार सुरू केला. त्यास लिहितावाचता बेताचेच येई. परंतु तोंडी हिशेबात तो तरबेज होता. तो करीत गेला, करीत गेला, तरी भाग पुरा जाईना.

"चारशेअठ्ठावन," पंढरी गोड आवाजात म्हणाला, "आणि दोन उरतात. मी घरूनच करून आयलो. ते दोन कुणाचे, दादा?"

"देवीचे," कोणीतरी म्हणाले.

"देवीचा लाभ एकच असतो. तीन लाभ कुठं आयकलेत? आज दोन देवीला दिले, तर उद्या प्रत्येक जण आपला जास्तीचा दगड देवीच्या नावानं बसवंल. मग सारखा वाटा तो कसला?"

बोलणे कुजके होते, परंतु खोटे नव्हते. दौलत दुसऱ्या दिवशी ठाण्यास गेला. विसूपंतांनी सर्व हकीकत ऐकली व खेदाने मान हलविली. "त्या दिवशी मी हेच सांगत होतो, पाटील. दोन, तीन, पाच, सात. एवढ्याच तिच्या घटक मूळ संख्या. अकरा ही स्वतः मूळ संख्या आहे आणि ती हिच्या कुळातली नव्हे. तिथे देवीचाही इलाज नाही."

दौलत परत निघाला. शपथ मोडावी तर देवी, अंगण अडावे तर पागोटे. आणि या दोहोंहून अधिक त्यास हे बोचत होते की, ज्या संख्येवर त्याने मुलासारखा जीव लावला होता, तिला भरसभेत त्यानेच खाली पाहावयास लाविले.

तशात त्याची थोरली बहीण ठमाबाई डोंबिवलीहून माहेरी आली. ती देवळाच्या पायरीवर न थांबता तडक घरात आली, पाण्याचा तांब्याही तिने घेतला नाही.

"दौलू, कोळ्यांना वाटा दिलास?"

"दिला, बाय."

"परवा आयलेल्या कोकण्यांना?"

"दिला."

"बैल हाकणाऱ्यांना पण दिलास म्हणं. चांगलं केलंस. आणि या गावात जन्मलेल्या पोरी? डोंबिवलीला दिल्या, कल्याणला दिल्या, शीळला दिल्या, म्हणून त्या काय खाडीत टाकल्या? मी लहानपणी त्या देवळापुढं शेणसडा घातलाय, तवा तू रांगत होतास. आमी वाटा मागाय यायची वाट बगतोस काय?"

दौलत जवळ सरकला. मग त्याने हळूच विचारले, "बाय, तू वाटा मागतेस?"

"मागते म्हणजे? भांडाय आयलेय."

"सगळ्या माहेरवाशिणींचा मिळून एक वाटा मागतेस?"

"हो, एक. जास्तीचा नको तुजा."

दौलत जागचा उठला आणि त्याने थोरल्या बहिणीच्या पायांवर डोके ठेविले. ठमाबाई गोंधळली, ती भांडणाची पुष्कळ तयारी करून आली होती आणि निम्मे बोलणे अद्याप शिल्लक होते.

त्याच सायंकाळी देवळात दौलताने जाहीर केले की वाटेकरी बारा, बारावा वाटा माहेरवाशिणींचा, आणि प्रत्येकास चारशेवीस.

"बाया फरश्या बसवणार?" पंढरीने विचारले.

ठमाबाई बायकांच्या बाजूने म्हणाली, "पंढरी, तुजी बहीण सगुणा कल्याणहून येतेय. तिला तूच सांग की तुज्यानं फरशी उचलणार नाही. मी बाजूला उभी राहून आयकते."

पंढरीस आपल्या बहिणीचा स्वभाव ठाऊक होता. त्याने विषय तेथेच सोडला.

याप्रमाणे संख्येची अब्रू राहिली. धोंडीबाच्या फरश्या मचव्यांतून कल्याणहून भरतीबरोबर येत होत्या, बंदरावर "लाभ" म्हणून मोजणी सुरू झाली होती, आणि जत्रेस दोन दिवस उरले असता शेवटचा मचवा लागला. विसूपंत शाळेस सुटी असल्यामुळे मुद्दाम आले होते व मोजणीकडे तान्ह्या बाळाच्या बारशासारखे कौतुकाने पाहत होते. फरश्या उतरून घेण्यास बारा वाटेकऱ्यांची माणसे फळीवर दुतर्फा उभी होती. अगदी थोड्या फरश्या राहिल्या असताना फळी हलली, एकाचा हात सुटला, आणि एक काळीभोर फरशी कडेवरून निसटून खाडीच्या चिखलात उभीच्या उभी शिरली.

"दुसरी मिळंल का?" दौलताने धोंडीबास विचारले.

"पाटील, खाणीतून काढायची, घडायची, भरती गाठून आणायची. जत्रेनंतर मिळेल."

विसूपंत पुटपुटत बोटे मोजीत होते. "पाच हजार एकोणचाळीस... सात नाही, अकरा नाही, तेरा नाही..." ते बराच वेळ थांबले नाहीत. "एकाहत्तरांपुढे पाहण्याचे कारण नाही; एकाहत्तरांचा वर्गच हिच्याहून मोठा. पाटील, ही तर मूळ संख्या निघाली. एक कमी झाली आणि सर्वांत उदार संख्या जाऊन सर्वांत एकलकोंडी संख्या आली. हिला कोणीच वाटेकरी चालत नाही."

"चालंल कसं," दौलत म्हणाला आणि त्याने धोतराचा काच्या मारला.

परंतु त्याच्या आधी दोन माणसे चिखलात उतरली होती. एकीकडून काळुराम, दुसरीकडून रघु. दिवाळीपासून या भावांनी एकमेकांची सावली ओलांडली नव्हती. तथापि चिखलात पाय न रुतू देता फळीवर पोट टेकून कसे सरकावे, हे त्या दोघांइतके गावात कोणास साधत नव्हते, कारण ते दोघे ते एकत्रच शिकले होते. भरतीचे पाणी चिखलाच्या कडेला येऊन चाटू लागले होते.

"तुज्या बाजूनं हात घाल," काळुराम म्हणाला.

"माज्या बाजूला कोरच नाही."

"तुज्या बाजूला कवाच काय नसतं. खाली घाल, आणखी खाली."

"बांध पण असाच म्हणून खाल्लास ना? आणखी खाली, आणखी खाली."

"आरं तो बांध घे तुना. सगळा घे. पण आता उचल."

"नको मना. धर. सुटंल."

पाणी त्यांच्या हनुवटीस लागले.  मग फरशीचा कोपरा दिसला, मग अर्धी फरशी, आणि चिखलाने माखलेले ते दोन भाऊ तिला दोन्हीकडून छातीशी धरून काठावर आले. कोण कोणता हे ओळखू येत नव्हते. विसूपंतांनी आपल्या उपरण्याने फरशी पुसली. तिचा टवकाही उडाला नव्हता.

"पाच हजार चाळीस," दौलत म्हणाला.

काळुरामाने भावाच्या खांद्यावर हात टाकला. सर्व गाव ऐकेल अशा आवाजात तो म्हणाला, "पाटील, बांध गेला खाडीत. आजपासून आमचा पाडा पयल्यासारखा एक. वाटा पण एकच द्या."

लोकांनी आनंदाचा गलका केला. केवळ दोन माणसे हसली नाहीत. विसूपंतांचा हात उपरण्यासह जागच्या जागी थांबला आणि दौलताने आपले पागोटे चाचपले, कारण बारांतून एक वजा केल्यास काय उरते, हे त्या दोघांस सर्वांच्या आधी कळले. पंढरीस तिसऱ्या क्रमांकाने कळले आणि तो मिशीत हसू लागला.

"थांबा," दौलत म्हणाला. त्याने दोघा भावांस बाजूस घेतले. परंतु बंदरावर बाजूस अशी जागा नसल्याने सर्वांनी ऐकले. "तुमचं गोड झालं, देवीचे उपकार. पण परवाच्या दिवशी पालखी उठेपर्यंत तुमी भांडलेलेच राहा."

"आं?" रघु म्हणाला.

"अकराला भाग जात नाही. तुमी एक झालात तर माज्या बहिणींचे चारशेवीस पण जातात आणि गावाचं नाक पण. एवढे दिवस फुकट भांडलात, आता दोन दिवस गावासाठी भांडा."

"पण पाटील, आता राग येत नाही," काळुराम म्हणाला.

"येईल. त्याच्या बायकोनं तुज्या म्हशीला काय म्हटलं होतं ते आठव."

रघुने भावाकडे चमकून पाहिले. "तिनं नाही म्हटलं. मी म्हटलं होतं."

"तू?" काळुराम म्हणाला, आणि देवीच्या कृपेने त्याच्या कपाळाची शीर थोडीशी फुगली.

पुढील दोन दिवस बाळकुमात जे काम झाले, ते ज्यांनी पाहिले त्यांनी त्याची वर्णने आपल्या नातवंडांपर्यंत सांगितली. बारा वाटेकऱ्यांनी बारा ठिकाणांहून आरंभ केला. कोळ्यांनी ओळीला गाणे लावले. गाडीवान आपल्या बैलांस देवळाच्या सावलीत बांधून गुडघ्यांवर बसले. डोंबिवली, कल्याण, शीळ येथून आलेल्या माहेरवाशिणी पदर खोचून चुन्यात हात घालीत होत्या आणि सगुणा आपल्या भावाच्या रांगेकडे पाहून म्हणत होती, "पंढरीदादा, तुजी ओळ दारू प्यायली काय? सरळ चाल की." पंढरीने, कोणी पाहत नाही असे पाहून, आपली ओळ उचकटून पुन्हा बसविली आणि ती पहिल्यापेक्षा पुष्कळ सरळ झाली.

जत्रेच्या दिवशी दुपारी शेवटची फरशी बसली. पाण्याने धुतलेले ते काळे अंगण, मधोमध धोंडीबाचे कासव घेऊन, दीपमाळेपासून देवळाच्या पायरीपर्यंत असे पसरले होते की, त्यावर प्रथम पाऊल ठेवण्यास कोणाचा जीव होईना. कल्याणच्या पंगतीतील तो गृहस्थ आला होता. त्याने चारी बाजूंनी फिरून अंगण पाहिले, दोन ठिकाणी वाकून सांधे पाहिले, आणि बराच विचार करून विचारले, "पाटील, यात तुमच्या पाड्याच्या फरश्या कोणत्या?"

"चारशेवीस आहेत," दौलत म्हणाला. "बाकीच्यांच्या पण तेवढ्याच. तुमी कोणत्या पण धरा."

त्या गृहस्थाने मान डोलविली. ठमाबाई पायरीवरून हे ऐकत होती. आपल्या धाकट्या भावाच्या पागोट्याचा शेव वाऱ्याने उडाला होता, तो तिने लहानपणी करीत असे तसा मागे सारला. विसूपंत कासवाजवळ उभे राहून ठाण्याच्या दोन वकिलांस मूळ संख्या म्हणजे काय ते समजावून देत होते आणि ते दोघे पालखीची वाट पाहत होते.

देवळाच्या उजव्या अंगास, आठव्या व सातव्या वाट्याच्या सीमेवर, काळुराम आणि रघु एकमेकांकडे पाठ करून बसले होते. पाटलाचा हुकूम ते प्रामाणिकपणे पाळीत होते; दोन दिवसांत त्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. परंतु काळुरामाने तंबाखूची चंची पाठीमागून सरकविली, रघुने न वळता ती घेतली, चिमूट काढून परत सरकविली आणि आभाळाकडे पाहत विचारले, "उठली काय रं पालखी?"

"नाही अजून," काळुराम म्हणाला. "बोलू नको माज्याशी."

आत देवळात ढोल वाजला.